गुरुवारची बोलणी

माझ्या लेकीच्या लग्नाला आमचे शेजारी दत्ताराम शिवलकर अगदी वेळेवर आले, भेटीचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला, आणि एक खुर्ची उचलून मांडवाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसले.

मला वाटलं, उकडत असेल. मे महिना, त्यात रत्नागिरी. मी पोरांना पंखा तिकडे वळवायला सांगितला. तर म्हणाले, "वहिनी, पंखा राहू दे. पत्रिका बघून जमवलेलं लग्न आहे, मला तत्त्वतः मान्य नाही. पण मुलगी आपली आहे. तेव्हा या लग्नाला माझा बाहेरून पाठिंबा आहे."

अक्षताही बाहेरूनच टाकल्या. त्यातल्या निम्म्या व्याह्यांच्या टकलावर पडल्या. जेवायला मात्र आत आले. "जेवण हा किमान समान कार्यक्रम आहे," असं म्हणाले आणि दोन वेळा मठ्ठा मागून घेतला.

आता असल्या माणसाला काय म्हणायचं? गाव त्यांना 'कॉम्रेड' म्हणतं. लोककष्टकरी पक्षाचे ते जिल्हा सचिव. म्हणजे लोककष्टकरी पक्ष (मूळ) याचे. कंसातलं 'मूळ' विसरलात तर ते तुम्हाला थांबवून परत म्हणायला लावतात. कारण दुसराही एक आहे, लोककष्टकरी पक्ष (एकसंध). मूळ पक्ष फुटला, त्यातून जो तुकडा बाहेर पडला त्याने आपलं नाव एकसंध ठेवलं! मी जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर बसले, नाना तऱ्हेचे पत्ते वाचले, पण असा पत्ता नाही पाहिला.

कॉम्रेडांच्या पक्षाचे रत्नागिरीत पूर्वी बरेच सभासद होते. काही वारले, काही मुंबईला मुलांकडे गेले, एक देवरुखला जावयाकडे जाऊन राहिला. उरले कॉम्रेड. पण जिल्हा कमिटीची बैठक दर महिन्याला होते म्हणजे होते. आमच्या दोन घरांमध्ये फक्त जांभ्याचा गडगा आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्यानं वाचतात. मग ते कायम करतात. मग चर्चा. एकदा मी विचारलं, "काय कॉम्रेड, झाली बैठक?"

"झाली. ठराव बहुमताने मंजूर."

"अहो, एकटे होतात ना तुम्ही? मग एकमताने म्हणा."

"एकमत कुठलं वहिनी? मनात थोडा विरोध होता. तो नोंदवायला हवा."

हसू नका. मी हसले होते तर आठ दिवस माझ्याशी बोलताना ते मला "आपण" म्हणत होते.

पक्ष फुटला त्याला तीस वर्षं झाली. भांडण कशावरून? तर देशातला भांडवलदार मित्र की शत्रू, यावरून. गोरा साहेब गेल्यावर जो आपला शेटजी त्याच्या खुर्चीत बसला, तो आपला की परक्याचा? आता दिल्ली-मुंबईत हा वाद घालायला मोठमोठे गिरणीवाले, कारखानदार असतील. रत्नागिरीत आणायचा कुठून भांडवलदार? शोधून शोधून यांना एक कोकम सरबतवाला सापडला. तो बाटल्या गावात भरायचा म्हणून कॉम्रेड शिवलकर म्हणाले, हा राष्ट्रीय. तो चार खोकी दुबईला पाठवायचा म्हणून कॉम्रेड इब्राहीम म्हणाले, हा दलाल. दोन दिवस सभा चालली. तो सरबतवाला बिचारा सभेला फुकट सरबत पाठवत होता. दोन्ही बाजूंनी ते प्यायलं आणि पक्ष फोडला.

इब्राहीमभाई आमच्याच गल्लीत, कॉम्रेडांच्या बरोब्बर समोर राहतात. एकसंध पक्षाचे जिल्हा सचिव. त्यांच्याकडेही सभासदांची तशीच बोंब. हे दोघं एके काळी एका ताटात जेवणारे. काजूच्या कारखान्यातल्या बायकांचा संप यांनी मिळून केला, मिळून तुरुंगात गेले, एका घोंगडीत झोपले. पण फुटल्यापासून तोंड बघायला तयार नाहीत. रस्त्यात गाठ पडली तर एक गटाराच्या या बाजूने, दुसरा त्या बाजूने. काही कळवायचं झालं तर मधल्या तिसऱ्या माणसाला मोठ्यानं सांगायचं. कित्येकदा तो तिसरा माणूस मी असायची, हातात भाजीची पिशवी घेऊन, ऊन खात.

मग अकरा वर्षांपूर्वी मुंबईहून दोन्ही पक्षांना पत्रं आली. डाव्या शक्तींनी एकत्र यावं, सर्व पातळ्यांवर बोलणी सुरू करावीत. मी तेव्हा नोकरीत होते, ती पाकिटं माझ्याच हातून गेली. आत काय आहे हे माहीत असतं तर, देवाशप्पथ, परत पाठवली असती. कारण बोलणी करायची कुठे? हा त्याच्या घरी जाणार नाही आणि तो याच्या घरी येणार नाही. जो आधी उंबरा ओलांडेल तो वाकला. शेवटी दोघांनाही मान्य होईल अशी तटस्थ भूमी निघाली ती माझी पडवी. कर्म माझं!

दर गुरुवारी दुपारी चार वाजता. पहिल्या गुरुवारी दोघंही डाव्या हाताच्या खुर्चीवर बसायला गेले. उजवीकडे बसायला कोणी तयार होईना. अर्धा तास उभे. माझा चहा गार. शेवटी मी खुर्च्या समोरासमोर लावल्या आणि म्हटलं, आता ज्याने त्याने आपापली डावी बाजू समजून घ्यावी. मग साखरेवरून अडलं. इब्राहीमभाईंना मधुमेह, कॉम्रेडांना चहा म्हणजे पाक लागतो. तो विषय घटक पक्षांवर सोपवला. माझं अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला काय म्हणायचं यावरही यांचं एकमत नाही. हे वहिनी म्हणतात, म्हणून ते ताई म्हणतात.

अकरा वर्षांत माझ्या नऊ वह्या भरल्या. वर मुंबईत बोलणी तीनदा मोडली, तीनदा जुळली. आमच्याकडे एक गुरुवार चुकला नाही. वर मोडलीत तर इथे कशाला चालू ठेवता, असं मी एकदा विचारलं. कॉम्रेड म्हणाले, "वर तुटलं म्हणून खाली तोडायचं, ही नोकरशाही झाली वहिनी."

आणि दर गुरुवारी आक्षेप कोणाचा? कॉम्रेड शिवलकरांचा. इब्राहीमभाई शांत माणूस. चार मुद्दे मांडतात, नानकटाईचा पुडा उघडतात, वाट बघतात. कॉम्रेडांनी चष्मा कपाळावर चढवला की मी समजते, आता आला आक्षेप. "तत्त्वतः मान्य. पण परिस्थिती परिपक्व नाही." मिटलेला मुद्दा परत उकरायचा. संयुक्त मोर्चात घोषणा आधी कोणाची? पत्रकावर नाव वर कोणाचं? क्युबाबद्दल काय? अहो, क्युबाबद्दल मिऱ्याच्या नाक्यावर कोण विचारणार आहे? पण दोन गुरुवार गेले त्यात.

असंच चाललं असतं. पण यंदा नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. तेव्हा सुमन आली.

सुमन काजूच्या कारखान्यात काजू सोलते. काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं, आवाज खणखणीत. राहते वरच्या वाडीत, जिथे नळ आहे पण त्यातून हवा येते. फेब्रुवारी लागला की बायका हंडे घेऊन आमच्या गल्लीपर्यंत उतरतात. मागच्या वेळी डाव्यांनी दोन उमेदवार उभे केले, एकमेकांची मतं खाल्ली, आणि वाडी कोरडीच राहिली. तेव्हा एका गुरुवारी ती थेट पडवीत चढली. दोघांकडे बघून म्हणाली, "मी उभी ऱ्हातंय. पन तुमी दोगं एका कागदावर सही करताव तरच. एकच कागद, दोन सह्या. नायतर माझा नाव बी घेऊ नुको. लोकं हसतात आमाला. पानी आणायला जातांव तर इचारतात, तुमचा लाल बावटा कंचा, ह्यो की त्यो?"

इब्राहीमभाई म्हणाले, "बरोबर बोलतेय पोरगी." कॉम्रेड म्हणाले, "तत्त्वतः बरोबर आहे."

अर्जाची शेवटची मुदत शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. आदल्या गुरुवारी बोलणी बसली. आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, इब्राहीमभाईंनी सगळंच मान्य करायला सुरुवात केली. पत्रकावर नाव तुमचं वर? मान्य. घोषणा आधी तुमची? मान्य. क्युबा? तुम्ही म्हणाल तसं. साडेचारला सगळे मुद्दे संपले. मला तर आनंदाने काय करू न् काय नको झालं. मी संयुक्त कार्यक्रमाचा कागद कलमवार, स्वच्छ अक्षरात लिहून काढला, इब्राहीमभाईंनी सही केली आणि पेन पुढे केलं.

कॉम्रेडांचा चेहरा उतरला होता. माणसाला इतकं जिंकल्यावर आनंद व्हावा की नाही? यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली आणला, परत चढवला. म्हणाले, "मला पक्षाशी विचारविनिमय करावा लागेल." आणि कागद घेऊन गेले.

इब्राहीमभाई बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. नानकटाईचा पुडा तसाच ठेवून गेले.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सुमनचा फोन. ती नगरपरिषदेच्या दारात उभी. कारखान्याचा खाडा करून आलेली. "काकी, कॉम्रेड कुठं हायत? कागद कुठं हाय?" मी म्हटलं, येतील गो बाय, थांब. अकराला परत फोन. माझं डोकं सणकलं. हातातला कांदा तसाच टाकला आणि गडग्याला वळसा घालून कॉम्रेडांच्या घरात शिरले.

दार उघडंच होतं. आत बैठक चालू होती. म्हणजे कॉम्रेड एकटेच टेबलाशी बसले होते, समोर तो कागद, बाजूला एक लांबट वही उघडी. रात्रीचा भात तसाच झाकून ठेवलेला. मी म्हटलं, "अहो, काय चाललंय काय? ती पोर तिकडे उन्हात उभी आहे आणि तुम्ही इथे बहुमत मोजताय?"

"विरोध फार आहे वहिनी," ते हळूच म्हणाले. "मनात."

मी कागद उचलायला हात घातला आणि त्या वहीकडे लक्ष गेलं. पोस्टातली सवय, लिहिलेलं दिसलं की वाचायचं. पानावर रेघा मारून तक्ता केलेला. येता गुरुवार: महिला आघाडीच्या नावाचा प्रश्न. त्यापुढचा: संयुक्त कार्यालय कुठे. त्यापुढचा: मे दिनाला अध्यक्ष कोण. काही मुद्द्यांसमोर लिहिलेलं, 'दोन गुरुवार पुरेल.' एकासमोर 'हा जपून वापरावा.' असं पान उलटत गेले तर पुढच्या गणपतीपर्यंतचे आक्षेप तारीखवार लिहून ठेवलेले.

"हे काय आहे?"

"नियोजन."

"कॉम्रेड, माझ्याकडे बघा. हे काय आहे?"

ते बघेनात. वहीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "सही झाली की संपलं, वहिनी. मतभेद आहेत म्हणून तो येतो. मतभेदच उरले नाहीत तर माझ्यासमोर येऊन बसायला त्याला आहे काय?"

मी खुर्ची ओढून बसले. माझा राग कुठे गेला मलाच कळलं नाही.

"अहो, मित्र आहे तो तुमचा. सरळ सांगा ना, ये म्हणून. गल्लीच तर ओलांडायची आहे."

"कुठल्या तोंडाने सांगू? पक्ष फुटला त्या सभेत मी त्याला गद्दार म्हटलं. माईकवरून. त्याची आई पहिल्या रांगेत बसली होती. तुरुंगातून सुटलो तेव्हा त्या बाईने महिनाभर मला सांदण करून घातलं होतं. माझी आई लहानपणीच गेली, तुम्हाला माहीत आहे. ती उठून गेली सभेतून. नंतर वारली. मी मयतीला गेलो नाही. गल्लीच्या या बाजूला उभा राहिलो. त्याने अकरा वर्षांत एकदाही तो विषय काढला नाही. आणि मला माफी मागता आली नाही. मग मी आपला क्युबा काढतो."

अकरा वर्षं मी या माणसाला हेकट, तर्कट, कुत्र्याचं शेपूट, काय काय म्हणत आले. तोंडावरही म्हटलंय. आणि हा बुधवारी रात्रीपासून आक्षेप घासून पुसून ठेवत होता, गुरुवारी चार वाजता कोणीतरी समोर बसावं म्हणून. मला रडूच आलं. पण घड्याळात साडेअकरा.

"कॉम्रेड," मी म्हटलं, "तुमचं दुःख मला कळलं. पण सुमनच्या वाडीत नळाला पाणी नाही. तिने खाडा केलाय. तुमच्या गुरुवारासाठी तिचा शुक्रवार बुडवू नका."

त्यांनी पेन घेतलं. जिल्हा सचिवाची सही एरवी झोकदार, खाली दोन रेघा. त्या दिवशी नुसतंच नाव लिहिलं, शाळेतल्या पोरासारखं. टोपी घातली आणि रिक्षा करून स्वतः कागद घेऊन गेले. सुमनचा अर्ज वेळेत भरला गेला. संध्याकाळी वरच्या वाडीतल्या बायकांनी कॉम्रेडांना आणि इब्राहीमभाईंना एकाच हाराने, म्हणजे एकाला घालून काढून दुसऱ्याला, असा सत्कार केला. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. "अभिनंदन," हे म्हणाले. "अभिनंदन," ते म्हणाले. आणि गल्लीत येऊन आपापल्या दारांनी आत गेले.

मग आला गुरुवार. इतिवृत्त नाही, आक्षेप नाही, मला दुपारी निवांत झोप काढायला हरकत नव्हती. पण मेली झोप येईना. साडेतीनला मी उठून बसले. गडग्यावरून बघितलं तर कॉम्रेड इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या पायरीवर बसलेले. मी म्हटलं, "कुठे निघालात?" म्हणाले, "कुठे नाही." मी म्हटलं, "मग या, चहा टाकते." तर म्हणाले, "नको वहिनी. नुसता चहा काय घ्यायचा?"

चार वाजले. समोरचं दार उघडलं. इब्राहीमभाई बाहेर आले, काखेत फाईल, गल्ली ओलांडली, आणि माझ्या पडवीकडे न वळता सरळ कॉम्रेडांच्या पायरीशी येऊन उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी गडग्याला हात टेकून उभी. कॉम्रेड धडपडत उठले.

"कॉम्रेड शिवलकर," इब्राहीमभाई गंभीर आवाजात म्हणाले, "संयुक्त कार्यक्रमाबद्दल आमच्या पक्षाचा गंभीर आक्षेप आहे."

"आक्षेप?" कॉम्रेड म्हणाले. "तुमचा?"

"कलम पाच. आघाडीच्या कामाचा आढावा गरजेनुसार घ्यावा, असं लिहिलंय. गरजेनुसार म्हणजे काय? हे फार ढिलं झालं. आढावा दर आठवड्याला झाला पाहिजे."

"पण ते कलम तुम्हीच घातलं होतं."

"म्हणून तर आलो. माझी चूक झाली. ती मी तुमच्यासमोर कबूल करतोय. आमच्या पक्षात चूक कबूल केल्याने माणूस लहान होत नाही."

कॉम्रेडांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, मग डोळे पुसले, मग परत काचा. शेवटी म्हणाले, "इब्राहीम, माझी पण एक चूक आहे. जुनी आहे. फार जुनी."

"माहीत आहे," इब्राहीमभाई म्हणाले. "ती अजेंड्यावर घे. घाई नाही."

आणि पायरीवर चपला काढून ते आत गेले.